रिकाम्या जागी शून्य

बिबवेवाडीच्या पायथन कट्ट्यावर भाग्यश्रीला लोक घाबरून असत, आणि तिला ते मनापासून आवडे. आवडत नाही असं ती वरवर दाखवायची, पण ते खोटं होतं.

कट्टा म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. खाली स्टेशनरीचं दुकान, वर दहावी-बारावीचा क्लास. शनिवारी सकाळी क्लासची पोरं यायच्या आत त्याच बाकांवर प्रोग्रॅमर मंडळी गुडघे दुमडून बसायची आणि पायथन या संगणकाच्या भाषेत कोणाचं काय अडलंय ते एकमेकांना विचारायची. शनिवार संपला की हेच काम मोबाइलवरच्या ग्रुपवर चालू. ‘एवढंही येत नाही का’ असं कोणी म्हणेल या भीतीने ऑफिसात जे तोंड उघडत नसत, ते इथे बिनदिक्कत विचारत. उत्तर मिळे. त्याबरोबर थोडा अपमानही मिळे, पण पुण्यात तो धरूनच चालायचा असतो.

अपमानाचं खातं भाग्यश्रीकडे होतं. “‘चालत नाही’ म्हणजे काय? प्रोग्रॅमला पाय नसतात. काय होतंय ते लिहा.” “एरर आली की ती वाचायची असते. शोभेसाठी दिलेली नाही.” असं ती लिहायची आणि खाली एका ओळीत नेमकं उत्तर द्यायची. ते उत्तर चुकत नसे, हे तिच्यावर खार खाणारेही मान्य करत. शिवाय ते लगेच येई. तव्यावर पोळी असताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब भविष्याबद्दल बोलत असताना. कोणी ‘मॅडम, झालं!’ असं कळवलं की तिला जो आनंद होई तो पगारवाढीनेही होत नसे.

कट्ट्याचा एक नियम होता आणि तो तिनेच घातला होता. एकदा एका शहाण्याने प्रश्न विचारताना आपल्या ग्राहकांची नावं आणि फोन नंबर जसेच्या तसे ग्रुपवर चिकटवले. मोठा हलकल्लोळ झाला. तेव्हापासून ऑफिसची खरी माहिती इथे आणायची नाही असं ठरलं. आपलं जे काही असेल त्याच्या जागी भाजी, भांडी, फळं घालायची, प्रश्न कापून कापून लहान करायचा आणि मग विचारायचा. लोकांना त्यात गंमत वाटू लागली. विम्याचे दावे जिलब्या झाले, दवाखान्यातले रुग्ण कुंड्या झाले. मुळात काय आहे हे कोणी कोणाला विचारायचं नाही, हेही त्यात आपोआप आलं. नवीन माणसाला भाग्यश्री बजावून सांगे, “तुमच्या ऑफिसात काय शिजतंय ते आम्हाला नको. भांड्याला भोक कुठे आहे तेवढं दाखवा.”

चैत्रातल्या एका दुपारी ग्रुपवर नम्रताचा प्रश्न आला. नम्रता कट्ट्यावर नवीन होती. परभणीची मुलगी, कात्रजला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी मागच्या बाकावर गप्प बसायची. कुठे नोकरी करते ते भाग्यश्रीला माहीत नव्हतं.

नम्रताने लिहिलं होतं: माझ्याकडे आंब्यांच्या पेट्या आहेत. प्रत्येक आंब्याला वर्षातून चार वेळा गुण दिलेत. चारही गुणांची बेरीज करून चाराने भागायचं आणि प्रत्येक पेटीतले खालचे दोन आंबे बाहेर काढायचे. पण काही आंब्यांना एखाद्या वेळी गुणच दिलेले नाहीत, ती जागा रिकामी आहे. त्यामुळे त्यांची सरासरी येत नाही आणि ते क्रमात बसत नाहीत. काय करू?

“वर्षभर टिकणारे आंबे कुठे मिळतात? पत्ता द्या, पेटी आणतो,” असं एकाने लिहिलं. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भाग्यश्रीही हसली. वर्षभर टिकतो आणि ज्याला दर तीन महिन्यांनी गुण मिळतात असा आंबा कोणता, हा विचार एवढ्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

भाग्यश्रीने उत्तर दिलं, “रिकाम्या जागी शून्य भरा आणि पुढे चला. एका ओळीचं काम आहे.” ती ओळही तिने लिहून दिली.

खाली धम्मदीपचा एक संदेश आला. धम्मदीप कट्ट्याच्या सुरुवातीपासूनचा, तिच्याच वयाचा, एका विमा कंपनीत काम करणारा. सावकाश बोलायचा आणि नेमकं बोलायचा, म्हणून तिला त्याचा थोडा राग होता. त्याने लिहिलं, “शून्य मिळणं आणि गुणच न मिळणं यात फरक आहे. जेवढ्या वेळा गुण दिलेत तेवढ्यांचीच सरासरी घेता येईल. बघ.”

“आंब्याला वाईट वाटत नाही, धम्मदीप,” भाग्यश्रीने उत्तर दिलं.

या वाक्याला ग्रुपवर अंगठेच अंगठे मिळाले. नम्रताने ‘थँक यू मॅम, झालं’ असं लिहिलं आणि भाग्यश्री खूश होऊन कुकर लावायला उठली.

त्यानंतर किती दिवस गेले ते तिने मोजले नव्हते. मोजायचं कारणच नव्हतं. त्या गुरुवारी ती घरूनच काम करत होती. दुपारी सासऱ्यांना जेवायला वाढून ती मागचं आवरत होती तेवढ्यात बेल वाजली. दारात आनंद उभा. सकाळी हिंजवडीला गेलेला नवरा भर दुपारी परत. त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती, पण ती चपटी झालेली. गळ्यात एरवी ओळखपत्राची निळी पट्टी असे, ती नव्हती.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काढलं,” आनंद म्हणाला आणि बूट न काढताच आत येऊन बसला.

भाग्यश्रीला शब्द कळला, अर्थ कळेना. आनंदला कोण काढणार? बारा वर्षं एकाच कंपनीत राहिलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात, दर वर्षी चांगले गुण घेऊन येणारा माणूस. लोक नोकऱ्या बदलून बदलून वर गेले, हा आपला तिथेच. तिने त्याला कितीदा टोमणे मारले होते की तुला त्या खुर्चीसकटच निवृत्त करतील. आता त्याच खुर्चीवरून त्याला उठवलं होतं, आणि तिच्या हातातला आमटीचा डाव तसाच हातात राहिला.

आतून उत्तरेश्वरअण्णांचा आवाज आला, “आज दुपारचाच कसा काय आलास रे? बरं नाही का?”

अण्णा बीडकडच्या केजचे. गावचं घर बंद करून मुलाकडे आले त्याच वर्षी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाग्यश्रीने तेव्हा नुकतीच नवी नोकरी धरली होती, टीमची प्रमुख म्हणून. तिला रजा मागायची सोय नव्हती. म्हणून आनंदने रजा घेतली, चांगली तीन महिन्यांची, बिनपगारी. अण्णांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, सगळं त्याने केलं. “माझं रेटिंग चांगलं आहे. एक तिमाही गेली तर काय बिघडतंय?” तो म्हणाला होता. “काही बिघडत नाही,” तीही म्हणाली होती.

“बरा आहे मी, अण्णा,” आनंदने ओरडून सांगितलं आणि मग हळू आवाजात बायकोला सगळं सांगू लागला.

सकाळी गेल्या गेल्या एकेकाला बोलावलं. छोट्या खोलीत एचआरची एक मुलगी, तिच्यासमोर स्क्रीन. ती म्हणाली, तुमची वर्षाची सरासरी तुमच्या विभागात खालून दुसरी आली. प्रत्येक विभागातले खालचे दोन कमी करायचे असं ठरलंय. आनंदला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं पान उघडलंय. त्याने दाखवा म्हटलं. तिने स्क्रीन वळवली. चार चौकोन. तीन चौकोनांत उत्तम गुण आणि एका चौकोनात शून्य.

“मी म्हटलं, अहो, त्या तिमाहीत मी नव्हतोच. रजेवर होतो. रजा तुमच्याच लोकांनी मंजूर केली. तर म्हणते, सर, सिस्टीममध्ये शून्य आहे. मी म्हटलं, शून्य दिलं कोणी? तर म्हणते, दिलं कोणी नाही, आलंय.” आनंद हसला. ते हसू बघवत नव्हतं. “आणि मी एकटा नाही. बाहेर बाकावर राधा बसली होती. बाळंतपणाची रजा संपवून आत्ता कुठे परत आली होती ती. एक बायपास झालेले गृहस्थ होते. जो तो रजेवरून आलेला. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. राधा तर रडायचंही विसरली होती.”

भाग्यश्रीचा संताप उफाळून आला. तिला राग आला की तो आधी भाषेवर येई, आणि नवऱ्यावर अन्याय झालेला पाहून तर तिला धीरच धरवेना.

“कुठल्या गाढवाने लिहिलाय हा प्रोग्रॅम?” ती जवळजवळ ओरडली. “रिकाम्या जागी शून्य भरतात का कधी? माणूस नसेल तर त्याचे गुण शून्य कसे होतील? एवढी साधी अक्कल...”

तिचं वाक्य तिथेच तुटलं.

तिच्या हातातला डाव खाली पडला. आनंदने वर पाहिलं, पण तिला आनंद दिसत नव्हता. तिला पेट्या दिसत होत्या. चार वेळा गुण. प्रत्येक पेटीतले खालचे दोन. आणि त्याखाली तिची स्वतःची ओळ, पोळीवर तूप घालावं इतक्या सहज लिहिलेली. ती भिंत धरत खुर्चीवर बसली.

नाही, असं कसं होईल. पुण्यात हजार कंपन्या. हजार लोक रोज हेच गणित करतात. तिने स्वतःला दोनदा तसं बजावलं.

“आनंद,” ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “तुमच्याकडे कोणी नम्रता आहे?”

“आहे की. आमच्याच विभागात, माझ्या मागच्या रांगेत. परभणीची, नवीन आहे. गरीब पोरगी, दिवसभर मान वर करत नाही. तुला कशी ठाऊक?”

“कट्ट्यावर येते,” भाग्यश्री म्हणाली. पुढचं तिच्या तोंडातून बाहेर येईना.

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. अण्णा दारात येऊन उभे होते, कधीपासून ते देव जाणे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“म्हंजी,” ते म्हणाले, “माझ्या पायापायी गेली का नोकरी?”

“नाही हो अण्णा, तसं काही नाही,” आनंद उठला.

“तुम्ही दोघं शिकलेले. मला येडा समजू नका.” अण्णांनी वॉकर फिरवला. “तवाच म्हनलो होतो, मला गावाकडं टाका.” आणि ते आपल्या खोलीकडे निघाले. तो वॉकर फरशीवर टेकायचा आणि थांबायचा, टेकायचा आणि थांबायचा.

अण्णा, तुमचा पाय नाही, माझी ओळ, असं त्यांच्या मागे धावत जाऊन सांगावं असं भाग्यश्रीला वाटलं. तिने सांगितलं नाही. आनंदलाही नाही. कट्ट्यावर ज्या बाईला उत्तरं द्यायला वेळ लागत नसे तिला घरात एक वाक्य सापडेना. डोकं दुखतंय असं सांगून तिने लॅपटॉप बंद केला आणि मोबाइलवर तो जुना प्रश्न शोधून काढला. सगळं तिथेच होतं. आंबे होते, पेट्या होत्या, धम्मदीपचा फरक होता. ‘आंब्याला वाईट वाटत नाही.’ त्याखाली ते अंगठेही तसेच होते.

शुक्रवारी ग्रुपवर कोणीतरी तारखांबद्दल अगदी सोपा प्रश्न विचारला. तिने उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी थांबली. या तारखा कसल्या असतील? कोणाच्या जन्माच्या, कोणाच्या कर्जाच्या, कोणाच्या ऑपरेशनच्या? तिने उत्तर पुसून टाकलं. आनंद दिवसभर घरात इकडून तिकडे फिरत होता, कपाटं आवरत होता, अण्णांशी पत्ते खेळायचा प्रयत्न करत होता. अण्णा पानं हातात धरून बसत, टाकत नसत. अपराधी वाटण्याची भाग्यश्रीला सवय नव्हती. म्हणून तिने, आपण बहुतेक सगळेच करतो तसं, दुसरा कोणी अपराधी शोधला. तो सोपा होता. नम्रता. त्या मुलीला माहीत होतं. आंबे कोण ते तिला माहीत होतं, आणि तरी तिने तोंड उघडलं नाही. शनिवार उजाडेपर्यंत भाग्यश्रीने तिच्यासाठी इतकी वाक्यं तयार केली होती की त्यातली निम्मी पुरली असती.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. क्लास उघडा होता आणि नम्रता आधीच येऊन बसली होती, पण आज मागे नव्हे, पहिल्या बाकावर. समोर लॅपटॉप. डोळे सुजलेले.

“माणसं होती ती, नम्रता,” भाग्यश्री दारातूनच म्हणाली.

“हो मॅम.”

तयार केलेल्या वाक्यांना हे उत्तर चालणारं नव्हतं. काय मॅम, कोण मॅम, असं काहीतरी तिने धरलं होतं.

“आणि तुला ते माहीत होतं.”

“माणसं आहेत एवढं माहीत होतं. कोण आहेत ते नव्हतं. मॅनेजरनी नुसते नंबर दिले होते. कोणाला बोलायचं नाही म्हणून सही घेतली होती.” नम्रताने मान खाली घातली. “रजेमुळे जागा रिकामी आहे, हेही मला माहीत नव्हतं मॅम. मला वाटलं, गुण भरायचे राहिले असतील. गुरुवारी लोकांना आत बोलवायला लागले तेव्हा कळलं. राधाताई बाहेर आल्या आणि माझ्याच खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.”

“मला एका शब्दाने सांगायचं होतंस! आंबे नाहीत, माणसं आहेत, एवढं!”

“नियम होता ना, मॅम.” ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. पुण्यात येऊन तिला अजून टोमणा मारता येत नव्हता. “आणि तुम्ही काही विचारलंही नाहीत.”

भाग्यश्री फळ्याजवळच्या खुर्चीत बसली. त्या मुलीचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. चुकीची उत्तरं झोडपायची तिला सवय होती, बरोबर उत्तरांपुढे काय करायचं ते तिला येत नव्हतं.

“दुरुस्त करता येईल,” शेवटी ती म्हणाली. ही तिची भूमी होती, इथे तिला जरा उभं राहता आलं. “शून्य काढून टाक. जेवढ्या वेळा गुण मिळालेत तेवढ्यांचीच सरासरी घे. चाराने भागण्याऐवजी थेट सरासरीच मागितली तर पायथन स्वतःहून रिकाम्या जागा सोडून देतं.”

“केलंय मॅम.” नम्रताने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “गुरुवारीच केलं. हे जुनं. हे नवीन.”

स्क्रीनवर काढायच्या लोकांच्या दोन याद्या होत्या, नुसते नंबर. डावीकडचे आणि उजवीकडचे जवळपास सगळे वेगळे. भाग्यश्रीने आनंदचा नंबर शोधला. त्याच्या ओळखपत्रावरचा तो नंबर ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. डावीकडे होता. उजवीकडे नव्हता. तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, इतकं की तिला रडू यायला लागलं. सुटला. आनंद सुटला, राधा सुटली, बायपासवाले गृहस्थ सुटले, अण्णा सुटले.

“मग पाठवलं का नाहीस अजून? गुरुवारपासून काय करतेयस?”

“मेल लिहून ठेवलाय. मॅनेजरना आणि एचआरच्या मोठ्या मॅडमना. वरच्या लोकांच्या सह्या सोमवारी होणार आहेत, तोपर्यंत बदलता येईल. रजेवरच्या बायकांना काढलं हे बाहेर कळलं तर कंपनी अडचणीत येईल, असंही लिहिलंय. ते ऐकतील. ऐकावंच लागेल.”

“मग?”

नम्रताने उजवीकडच्या एका नंबरवर बोट ठेवलं. आनंद जिथून गेला होता, नेमकी तीच जागा.

“खालचे दोन काढायचेच आहेत, मॅम. तो आकडा वरून आलाय, तो बदलत नाही. एक बाहेर आला की एक आत जातो.”

“हा कोण?”

“मी.”

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर केलं. भाग्यश्री त्या नंबरकडे बघत राहिली. पाच-सहा आकडे, बाकीच्या नंबरांसारखेच.

“मी एकही रजा घेतली नाही,” नम्रता म्हणाली. “दिवाळीलाही गेले नाही. पण नवीन माणसाला गुण कमीच देतात. आमच्या मॅनेजरना वाटतं त्याने माणूस जोर लावतो.” तिने ओढणीने नाक पुसलं. “ही नोकरी लागायला मला पदवीनंतर दीड वर्ष लागलं. नोकरी लागली तेव्हा आईने सगळ्या गल्लीला जेवायला घातलं होतं.”

भाग्यश्रीने उजवीकडचा तो नंबर पुन्हा एकदा वाचला.

“काल पूर्ण दिवस मी ते बटण दाबायचा प्रयत्न केला, मॅम. हात उचलत नाही. म्हणून आज लवकर आले.” नम्रताने तिच्याकडे पाहिलं, ग्रुपवर प्रश्न विचारल्यावर जशी वाट पाहत असेल तशीच. “तुम्ही सांगा. पाठवू का?”

“पाठव,” भाग्यश्री म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि तिचं तिलाच धस्स झालं. तिने एका क्षणाचाही विचार केला नव्हता. ती मुलगी काय खाईल, कुठे जाईल, परभणीला जाऊन आईला काय सांगेल, यातलं काहीही तिच्या मनाला शिवलं नव्हतं. थांब, असं तिला म्हणायचं होतं. निदान थांब म्हणून बघायचं होतं. दोघी मिळून दुसरी काही वाट शोधू, धम्मदीपला विचारू, मी माझ्या कंपनीत बोलते, असं काहीतरी. पण तोवर नम्रताने बटण दाबलं होतं. मेल गेला होता. एवढंसं तोंड करून ती स्क्रीनकडे बघत होती.

“नम्रता,” भाग्यश्री म्हणाली, “मला तुला एक सांगायला हवं होतं. आधीच. तुमच्या विभागातला तो आनंद...”

“माहीत आहे, मॅम. सरांच्या टेबलावर तुमचा फोटो आहे. कट्ट्यावर आले त्या पहिल्या आठवड्यातच मी तुम्हाला ओळखलं होतं.” तिने लॅपटॉप हलकेच मिटला. “सर बरे आहेत ना?”

जिन्यात चपला काढल्याचे आवाज यायला लागले होते, कोणाचं तरी हसणं, धम्मदीपचा सावकाश बोलण्याचा सूर.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि तरी तू मला विचारलंस?”

“दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर थांब म्हणाले असते, मॅम. माझी दया आली असती त्यांना. मग मी थांबले असते.” नम्रता बाकावरून उठली, येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून बॅग उचलून भिंतीकडे सरकली. “मला पाठवायचंच होतं. फक्त कोणीतरी लगेच हो म्हणायला हवं होतं. ते तुम्ही म्हणाल हे मला माहीत होतं.”